सुईचं विचारता, मनाचंही विचारा

आपल्याकडे एक शब्द आहे, गर्दुल्ला. मुंबईत स्टेशनच्या पुलाखाली पडलेल्या माणसाला आपण हा शब्द चिकटवतो, नाकाला रुमाल लावतो आणि पुढची लोकल पकडतो. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, ती घेणारा तो गर्दुल्ला. शब्द असा पक्का बसलाय की त्यात माणूस कुठं उरतच नाही. तुम्ही आज दुबईत असा, मस्कतला असा, नाहीतर माझ्यासारखे मॉरिशसला, हा शब्द तुमच्या बॅगेतून तुमच्याबरोबर आलेला आहे. आज मला त्या शब्दाच्या आतल्या माणसाबद्दल लिहायचंय. पगार, पासपोर्ट, ओव्हरटाईम यावर आपण नेहमी बोलतो. हा विषय त्यापेक्षा वेगळा वाटेल, पण तितकाच हक्काचा आहे.

मी इथं बिल्डिंगच्या साईटवर सुपरवायझर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, डॉक्टरकी नाही, तेव्हा गोळ्यांचे डोस मी सांगणार नाही. पण माझ्या हाताखाली साठ-सत्तर माणसं असतात. बरीचशी आपली, भारतातली. थोडे बांगलादेशी, थोडे मादागास्करचे, आणि बाकी इथलेच. सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगला कुणाचे डोळे कसे आहेत, कुणाचा हात थरथरतोय, कोण तीन दिवस त्याच शर्टात आलाय, हे बघणं माझ्या कामाचाच भाग आहे. परांचीवर कुणाला चढवायचं आणि कुणाला खाली ठेवायचं ते त्यावर ठरतं.

आता या बेटाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या बहुतेकांना ठाऊक नसते. मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हनिमूनचे फोटो येतात. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. आणि एवढ्याशा देशात २००५ साली एचआयव्हीचे जे नवे रुग्ण सापडले, त्यातल्या सुमारे ९२ टक्के लोकांना लागण झाली होती ती नशेच्या सुईतून. आपल्याकडे एड्स म्हटलं की ट्रक ड्रायव्हर आणि लालबत्तीचा भाग आठवतो. इथं सगळा प्रकार सुईचा. ब्राऊन शुगर टोचून घ्यायची, नाहीतर फ्रान्सकडून चोरून आलेल्या सुब्युटेक्सच्या गोळ्या पाण्यात विरघळवून टोचायच्या. आणि एक सुई चार जणांत फिरायची. नुसती सुईच नाही हं. ज्या चमच्यात माल गरम करतात तो चमचा, गाळायचा कापूस, धुवायचं पाणी, सगळ्यातून रक्त या माणसाचं त्या माणसात जातं. एचआयव्हीच्या बरोबरीनं काविळीचा सी विषाणूही जातो. इथल्या सुई घेणाऱ्यांत तो दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांना आढळला होता.

२००६ मध्ये सरकारनं दोन गोष्टी केल्या. एक, वापरलेल्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात झाली. दुसरी, मेथाडोन. हे तोंडानं घ्यायचं औषध आहे, रोज एकदा. हेरॉइन न मिळाल्यावर अंग मोडतं, उलट्या होतात, घाम फुटतो, ते यानं थांबतं आणि माणूस दिवसभर कामावर उभा राहू शकतो. एचआयव्हीचा कायदाही त्याच वर्षी आला. त्या वेळी इथंही लोक म्हणालेच, सुया वाटणं म्हणजे व्यसनाला खतपाणी. आपल्याकडचे लोकही हेच म्हणतात. पण २०११ च्या पाहणीत इथल्या सुई घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना एचआयव्ही होता, २०१७ मध्ये तो आकडा तिसऱ्या हिश्शावर आला. एका कामाचं श्रेय एकालाच देता येत नाही, पण यात त्या सुयांचा आणि त्या औषधाचा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे.

मधेच एक घोळ घातला गेला. २०१५ मध्ये नव्या माणसांना मेथाडोन देणं बंद केलं, आणि जुन्यांना ते पोलीस ठाण्याच्या आवारात सकाळी सकाळी रांग लावून घ्यावं लागलं. विचार करा. डायबिटीसच्या माणसाला सांगितलं की तुझं इन्सुलिन चौकीत येऊन घे, तर तो किती दिवस येईल? २०१७ मध्ये नव्यांना पुन्हा मेथाडोन सुरू झालं. चूक सुधारली, चांगलं झालं. पण त्या दोन वर्षांत जी माणसं परत सुईकडं गेली असतील ती काही सरकारी पत्रक वाचून परत आली नसतील.

आता मुद्द्यावर येतो. सुई मिळाली, मेथाडोन मिळालं, तरी काही माणसं दुसऱ्याची सुई का वापरतात?

आमच्याकडे एक प्लास्टरवाला होता. इथलाच, आडनाव मात्र आपलं मराठी. त्याचे खापरपणजोबा कधीतरी कोकणातून जहाजानं आलेले. त्याला मराठी येत नाही, क्रेओल बोलतो, पण घरी गणपती बसवतो. (इथं गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे नवीन आलेल्या पोरांना पहिल्या वर्षी खरंच वाटत नाही.) हात असा की भिंतीला ओळंबा लावायची गरज पडू नये. चार वर्षं मेथाडोनवर होता, रोज डोस घेऊन कामाला यायचा. मग हळूहळू दांड्या सुरू झाल्या. जेवणाच्या सुट्टीत एकटा बसायचा. एक दिवस फुल बाह्यांचा शर्ट घालून आला, भर डिसेंबरच्या उन्हात, आणि मी समजलो. बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, औषध बरोबर चालू आहे, त्यात खोट नाही. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही, बायको काय बोलते ते ऐकू येतं पण आत पोचत नाही. टोचलं की दोन तास तरी काहीतरी वाटतं. मी विचारलं, सुई कुणाची? तो म्हणाला, नवी सुई खिशातच होती. पाकीट फोडायचा कंटाळा आला.

ही गोष्ट डोक्यातून जात नाही. नवी सुई खिशात आहे. फुकट मिळालेली आहे. एचआयव्ही काय असतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्याचे दोन मित्र त्यानंच गेलेत. आणि तरी पाकीट फोडायचा कंटाळा.

हा आळस नाही. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात, आपण ज्याला कधी 'टेन्शन', कधी 'डोक्यावर परिणाम' म्हणून उडवून लावतो, तो आजार नेमका असाच दिसतो. साधं बघा. एचआयव्हीची भीती ही पुढच्या आठ-दहा वर्षांची भीती आहे. ज्याला पुढच्या महिन्याचा पगार हातात घेऊन काय करायचं हेच दिसत नाही, त्याला तुम्ही दहा वर्षांनंतरच्या आजाराची भीती घालता. ती लागणार कशी? पोस्टर लावा, पत्रकं वाटा, कंडोम वाटा, सुया वाटा. हे सगळं उद्याचा विचार करणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याचा उद्याच गेलाय त्याला आधी तो परत मिळवून द्यावा लागतो.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं छोटं राज्य आहे. तिथल्या डॉक्टरांनी चालू सुई घेणाऱ्या, आणि डिप्रेशन असलेल्या माणसांचा अभ्यास केला. २००३ मध्ये त्यांनी छापलं की डिप्रेशन जितकं जास्त, तितकं सुईचं धोक्याचं वागणं जास्त. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, आणखी एक काम छापून आलं. काही जणांना तीन महिने डिप्रेशनची गोळी आणि बोलून करायचा उपचार असं दोन्ही दिलं, बाकीच्यांची नुसती तपासणी करत राहिले. उपचार घेतलेल्यांत साधारण चौघांतल्या एकाचं डिप्रेशन पूर्ण उतरलं, दुसऱ्या गटात आठांतल्या एकाचं. चौघांतला एक म्हणजे जादू नव्हे, मला मान्य आहे. पण लक्षात घ्या, ही माणसं त्या वेळी सुई घेतच होती. आधी नशा सोड, मग तुझ्या मनाचं बघू, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. नशा चालू असताना मनाचा उपचार होऊच शकत नाही ही जी समजूत आहे, तिला तिथंच तडा गेला.

ती समजूत अगदी वेडगळ नाही, हेही सांगतो. हेरॉइन उतरताना माणूस डिप्रेशनसारखाच दिसतो. झोप नाही, भूक नाही, रडू येतं. म्हणून जुने डॉक्टर म्हणायचे, थांबा, आधी अंगातलं विष जाऊ दे, मग कळेल खरा आजार कोणता. पण हे थांबणं महिनोन्महिने चालतं, आणि सुई काही थांबत नाही. भिंतीला ओल आली तर गळती वरच्या टाकीची की बाजूच्या पाइपची, यावर आम्ही साईटवर वाद घालतो. पण वाद मिटेपर्यंत पाणी चालू ठेवत नाही. दोन्ही वॉल्व बंद करतो, मग शोधतो.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका, कारण ती बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. गोळ्या एकमेकींशी भांडतात. एचआयव्हीच्या उपचारात पूर्वी एफाविरेन्झ नावाची गोळी सर्रास असायची, अजूनही कुठं कुठं आहे. ती मेथाडोनचा रक्तातला अंश कमी करते. टीबीची रिफाम्पिसिनही तेच करते. मग काय होतं? माणूस सकाळी डोस घेतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं अंग मोडायला लागतं. त्याला वाटतं दवाखान्यानं औषधात पाणी घातलं. मग तो गल्लीत जातो. शिवाय एफाविरेन्झनं काही जणांना उदास वाटतं, विचित्र स्वप्नं पडतात, म्हणजे मनावर दुसरा घाव. आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सिटालोप्राम, मेथाडोनबरोबर घेतल्या तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर ईसीजी काढून बघतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, मात्र लपवाछपवी चालत नाही. तीन आजारांचे तीन डॉक्टर, तीन दवाखाने, आणि प्रत्येकापासून बाकी दोन आजार लपवलेले, असा प्रकार असेल तर औषधच माणसाला परत सुईकडं ढकलतं. म्हणून माझं म्हणणं आहे की जिथं मेथाडोन देतात तिथंच, त्याच खिडकीवर, मनाचं विचारणारं कुणीतरी बसलेलं हवं. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस माणूस रोज त्या खिडकीवर येतोच आहे. अशी रोजची भेट दुसऱ्या कुठल्या आजारात मिळते सांगा.

आता तुमच्यातले काही म्हणतील, साहेब, आम्ही पहाटे चारला उठून सोळा माणसांच्या खोलीत एका संडासासाठी रांग लावतो, आमचं कुणी मन विचारत नाही, आणि या व्यसनी लोकांचे लाड कशाला? हा राग मला कळतो. पण राग बरोबर माणसावर काढा. तुमचं कुणी विचारत नाही ही चूक आहे, म्हणून त्याचंही विचारू नये असं होत नाही. आणि 'ते' आणि 'आपण' यात किती अंतर आहे? माझ्या पाहण्यात आपली बहुतेक पोरं दारूपाशीच थांबतात. पण सुईपर्यंतचा रस्ता कुठून सुरू होतो तो बघा. एजंटचं कर्ज, घरी बहिणीचं लग्न, कमरेचा मणका दुखतोय पण सुट्टी घेतली तर पगार कापणार. मग कुणीतरी दुखण्याची गोळी देतो. ट्रामाडोल. बरं वाटतं, नुसतं दुखणं नाही, मनही हलकं होतं. मग दोन, मग चार. गावाकडून येणाऱ्या मित्राला सांगून मागवायच्या. (आखातात असाल तर हे अजिबात करू नका. तिथं ट्रामाडोलवर कडक नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय एक पाकीट सापडलं तरी जेल होऊ शकते.) ज्याचं नुसतं अंग दुखतं तो गोळी थांबवू शकतो. ज्याचं आत काहीतरी दुखतं तो थांबवू शकत नाही, आणि गोळी मिळेनाशी झाली की दुसरं शोधतो.

असा आपल्यातला एक मी पाहिलाय. मराठवाड्यातला शटरिंग कारपेंटर, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. वडील वारले तेव्हा त्याला रजा मिळाली नाही, मयत व्हिडिओ कॉलवर बघितली. त्यानंतर तो बदलला. डब्यातलं अन्न तसंच परत जायला लागलं. दोस्ती इथल्या पोरांशी वाढली, आणि वर्षभरात तो सुईवर गेला. त्या वेळी तो दुसऱ्या कंपनीत होता, नाव लिहीत नाही. परमिट नव्यानं करताना रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. कंपनीनं काय केलं? आठवड्याच्या आत विमानात बसवलं. हातात रिपोर्ट नाही, पुढं कुठं जायचं याची चिठ्ठी नाही, दोन शब्द बोलायला माणूस नाही. ज्याला आधीच जगायचा कंटाळा आला होता त्याला असं पार्सल करून बायकोकडं पाठवलं. बायकोला त्यानं सहा महिने सांगितलं नाही. मला फोन करून रडायचा आणि म्हणायचा, सांगून काय होणार. शेवटी सरकारी रुग्णालयात गेला, बायकोलाही नेलं. ती निगेटिव्ह निघाली. हे त्या कंपनीच्या पुण्याईनं झालं नाही.

इथं नियम असा आहे की बाहेरून येणाऱ्या कामगाराला परमिटसाठी एचआयव्हीची तपासणी करावी लागते, आणि पॉझिटिव्ह असेल तर परमिट मिळत नाही. आखातात तर तुम्हाला माहीतच आहे, मेडिकलमध्ये अनफिट, की सरळ परत. मी या नियमाच्या विरोधात आहे, आणि सुपरवायझर म्हणून विरोधात आहे. उपचार चालू असलेला एचआयव्हीचा माणूस सळई बांधतो, काँक्रीट ओततो, प्लेट उचलतो, त्यात काही फरक पडत नाही. मला साईटवर धोका असतो तो न झोपलेल्या माणसाचा, नशेतल्या माणसाचा आणि जगायची इच्छा नसलेल्या माणसाचा. त्यांची तपासणी कुठल्याच परमिटमध्ये नाही. उलट या नियमामुळं होतं काय, की माणूस तपासणीच्या आधी एजंटकडून कागद 'मॅनेज' करतो, तपासणीनंतर दवाखान्याकडं फिरकत नाही, आणि मन उदास आहे हेही कुणाला सांगत नाही, कारण फाईलवर एक शिक्का पडला की दुसरा पडायला वेळ लागत नाही. लपवायला लावणारा नियम आजार कमी करत नाही, फक्त तो दुसऱ्या देशाच्या हिशोबात टाकतो. आणि तो दुसरा देश म्हणजे आपलं घर.

तुम्ही मुकादम असा नाहीतर शेजारच्या बेडवरचे, तुम्हाला काय करता येईल ते सांगतो. डॉक्टर लोक सुरुवातीला फक्त दोन प्रश्न विचारतात, ते आपणही विचारू शकतो. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं बहुतेक दिवस झालंय का? आणि बहुतेक दिवस उदास, निराश वाटतंय का? दोन्हीला 'हो' आलं तर ते टेन्शन म्हणून सोडू नका, डॉक्टरपर्यंत न्या. मरायचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, असला तर बाहेर येतो. कुणी दुसऱ्याची सुई वापरली असं कळलं तर तास मोजा. बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केलं तर एचआयव्हीची लागण टाळता येऊ शकते, त्याचा कोर्स २८ दिवसांचा असतो. जितकं लवकर तितकं चांगलं, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि परत गेलेल्यांसाठी, किंवा गावी असलेल्या घरच्यांसाठी. भारतात १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. एचआयव्हीसाठी १०९७. एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रात २००४ पासून मोफत आहेत. सुई सोडवायला मेथाडोनसारखंच, जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन सरकारी केंद्रांतून मिळतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि या कारणावरून नोकरीवरून काढताही येत नाही. मानसिक आरोग्याचा कायदाही २०१७ चाच. त्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मनाचे त्रासही मानसिक आजारातच धरलेत आणि सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा हक्क म्हटलाय. पोलिसांची भीती असेल तर एवढं सांगा की अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ अ नावाचं कलम आहे. स्वतःहून उपचाराला गेलेल्या, फक्त सेवन करणाऱ्या माणसाला ते खटल्यापासून वाचवू शकतं. वकिलाला हे कलम विचारा. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या पोरांवर लिहिलं, त्यातून ते उभं राहिलं. म्हणजे ज्या शब्दापासून मी सुरुवात केली त्या शब्दाच्या आतला माणूस आपल्याकडं कुणालाच दिसला नाही असं नाही.

कंपन्यांना माझं सांगणं वेगळं आहे. माणूस नशेत दिसला तर त्याला उंचीवरून खाली उतरवा, यात मी तडजोड करत नाही, करणारही नाही. एक पडला तर खाली तीन मरतात. पण उंचीवरून खाली उतरवणं आणि कामावरून काढणं यात फरक आहे. त्याला स्टोअरला बसवा, क्युरिंगला लावा, मटेरियल मोजायला लावा, आणि उपचाराची वेळ कामाच्या वेळेत धरा. वडील वारले तर रजा द्या, हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते. वर्षातून एकदा कॅम्पवर फिरता दवाखाना आणताना त्यात बीपी आणि शुगरबरोबर मनाचं विचारणारा एक माणूस आणा, आणि त्याचा कागद एचआरकडं जाणार नाही असं लेखी द्या. लेखी नसेल तर कुणी बोलणार नाही. मी पण बोलणार नाही.

तो प्लास्टरवाला आता दुसऱ्या डॉक्टरकडं जातो. इथल्या एका संस्थेच्या बाईनं त्याला धरून नेलं. गोळी आणि आठवड्याला एकदा बोलणं चालू आहे. सुई पूर्ण सुटली का, तर नाही. मध्ये एकदा घेतली म्हणाला. पण पाकीट फोडून घेतली, हेही सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघून सांगितलं.

त्याची अडचण सध्या वेगळीच आहे. मेथाडोनची खिडकी सकाळी उघडते आणि आमची बस त्याच्या आधी वीस मिनिटं निघते. डोस घ्यावा तर बस चुकते, बस धरावी तर डोस चुकतो. बस वीस मिनिटं उशिरा सोडा असा अर्ज मी दोनदा ऑफिसला दिलाय. उत्तर आलंय की एका माणसासाठी सगळ्यांची वेळ बदलता येणार नाही. एकच माणूस आहे की आणखी आहेत, हे अजून कुणी मोजलेलं नाही. तिसरा अर्ज या सोमवारी देतोय, त्यावर आमच्या साईटवरच्या एकतीस जणांच्या सह्या आहेत.